पाचवीसाठी शाळा निवडताना: गावातली अनुदानित मराठी शाळा की उपनगरातली सीबीएसई?

चौथीची सहामाही झाली की आमच्या पालक-गटात एकच प्रश्न फिरायला लागतो. मूल ऑटिस्टिक आहे, बोलतं, वाचतं, प्राथमिक शाळेत बाईंनी चार वर्षं सांभाळून घेतलं. आता पाचवीपासून माध्यमिक शाळा, दर तासाला वेगळे शिक्षक, दुप्पट मोठी इमारत. मग गावातल्या, म्हणजे पुण्याच्या पेठांमधल्या, जुन्या अनुदानित मराठी शाळेत घालावं की बाणेर-बालेवाडीकडच्या, सिंहगड रोडवरच्या एखाद्या सीबीएसई शाळेत?

दोन्हीकडे शिकणारी मुलं मी जवळून पाहते आहे. माझं मत आधीच सांगते. बोर्ड, माध्यम आणि दहावीचा निकाल जरा बाजूला ठेवा. नववीत शाळा अशा मुलांचं काय करते आणि मोठ्या सुट्टीत मूल कुठे असतं, हे दोन प्रश्न आधी विचारा. ज्या शाळेकडून त्यांची सरळ उत्तरं मिळतील, ती शाळा निम्मी निवडून झाली असं समजा.

वर्ग, घंटा आणि सुट्टी

अनुदानित शाळेत एका तुकडीत पन्नास-साठ मुलं असणं नेहमीचं आहे. तीन जणांचा बाक, उंच छत, घुमणारा आवाज, व्हरांड्यात घंटा. गणपतीच्या आधी काही आठवडे पेठांमध्ये ढोल-ताशांचा सराव सुरू होतो आणि दुपारच्या अधिवेशनाला त्याचा त्रास जास्त होतो. ज्या मुलाला आवाज सोसत नाही त्याच्यासाठी हे फार आहे. सीबीएसई शाळेत तुकडी चाळिशीच्या आसपास असते, बाक मोकळे असतात. पण तिथेही स्मार्ट बोर्डचा आवाज, कार्यक्रमांचे लाउडस्पीकर आणि बसमधला तास-तासभराचा प्रवास असतो. कात्रजहून बाणेरला रोज बसने जाणारं मूल शाळेत पोचायच्या आधीच थकलेलं असतं. गावातल्या शाळेत रिक्षावाले काका दहा मिनिटांत सोडतात.

जुन्या शाळांची एक जमेची बाजू माहितीपत्रकात छापलेली नसते. तिथली माणसं वर्षानुवर्षं तीच असतात. आमच्या ओळखीतला एक मुलगा पाचवीत घंटेला इतका घाबरायचा की तास संपत आला की कानांवर हात घेऊन बाकाखाली बसायचा. शाळेतल्या शिपाईमामांनी त्याला एक दिवस बरोबर नेलं, घड्याळ दाखवलं आणि घंटा वाजवायचा टोल त्याच्या हातात दिला. पुढे रोज मोठ्या सुट्टीची घंटा तोच द्यायला लागला. घंटा कधी होणार हे कळलं आणि ती आपल्याच हातात आली, तशी भीती उतरली. हे कुठल्याही योजनेत बसत नव्हतं. मामांना मूल कळलं होतं, एवढंच.

सीबीएसईकडे याच्या उलट चित्र दिसतं. बोर्डाशी संलग्न शाळेला स्पेशल एज्युकेटर (विशेष गरजांच्या मुलांसाठीचे प्रशिक्षित शिक्षक) आणि समुपदेशक नेमणं बंधनकारक आहे, त्यामुळे कागदावर व्यवस्था जास्त पक्की असते. पण एकच स्पेशल एज्युकेटर नर्सरीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना बघत असेल, तर तुमच्या वाट्याला आठवड्याचा एखादा तास येईल. 'आमच्याकडे आहेत' एवढ्यावर थांबू नका. त्यांच्याकडे किती मुलं आहेत, त्या वर्गात येऊन बसतात की मुलाला बाहेर काढून वेगळ्या खोलीत नेतात, आणि मधल्या वर्षात नोकरी सोडून गेल्या तर काय, हे विचारा. या शाळांत शिक्षक लवकर बदलतात. एका माणसावर जीव लावणाऱ्या मुलाला ते जड जातं.

अनुदानित शाळेतला मोठा धोका म्हणजे ऑफ तास. निवडणूक, जनगणना, प्रशिक्षण, काही ना काही निमित्ताने शिक्षक बाहेर जातात आणि वर्ग मॉनिटरच्या हवाली होतो. चिडवणं, नकला करणं, 'जा, सरांना असं म्हणून ये' असं शिकवून पाठवणं, हे सगळं अशाच वेळी घडतं. तासाला सर समोर असताना मूल सुरक्षित असतं. जिना, नळ, टॉयलेट आणि सुट्टी इथे नसतं. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा मोठ्या सुट्टीत जा. कोणी शिक्षक मैदानावर आहेत का? एकट्या मुलाला ग्रंथालयात किंवा चित्रकलेच्या वर्गात बसायची मुभा आहे का? मला विचाराल तर ही मुभा माहितीपत्रकातल्या रॅम्प आणि सेन्सरी रूमच्या (मुलाला शांत व्हायला केलेल्या खास खोलीच्या) फोटोंपेक्षा मोलाची आहे.

माध्यम

इथे सरधोपट सल्ला देता येत नाही. पुण्यात अशी कितीतरी मुलं आहेत, घरी सगळे मराठी, आजी-आजोबा मराठी, पण मूल यूट्यूबवरून उचललेलं इंग्रजीच बोलतं. अशा मुलाला मराठी शाळेत घातलं तर पहिले काही महिने शिक्षकांना ते 'बोलतच नाही' असं वाटू शकतं. उलट घरची मराठी पक्की असलेल्या मुलाला केवळ प्रतिष्ठेसाठी इंग्रजीत टाकलं, तर विज्ञान आणि भाषा अशी दोन्ही ओझी एकदम अंगावर येतात. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं लांबतं, असं अजून सर्रास सांगितलं जातं. संशोधनाने त्याला पाठिंबा दिलेला नाही. मूल चिडल्यावर, घाबरल्यावर ज्या भाषेत बोलतं ती भाषा वर्गात कोणाला तरी यायला हवी, हा माझा निकष. शिवाय 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा सीबीएसई घेतलं म्हणजे मराठी सुटली असं गृहीत धरू नका.

परीक्षा आणि सवलती

राज्य मंडळाकडे पात्र दिव्यांग विद्यार्थ्याला दर तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, भाषेत सूट आणि गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित अशा सवलती आहेत. कोणती लागू होते ते प्रमाणपत्रावर ठरतं, आणि प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. म्हणजे शाळेच्या कार्यालयातल्या क्लार्कला ही प्रक्रिया माहीत असणं फार महत्त्वाचं. ज्या शाळेने असे प्रस्ताव आधी पाठवलेत, तिथे तुमचं निम्मं काम झालेलं असतं. अंकगणित घ्यायच्या आधी मात्र थांबा: गणित सोडलं की अकरावीचं विज्ञान बंद होतं. आकड्यांत रमणाऱ्या मुलाचं गणित केवळ लेखी उदाहरणं समजत नाहीत म्हणून सोडवणं हा अन्याय आहे.

सीबीएसईकडेही जादा वेळ आणि लेखनिक आहेत. पण त्यांची खरी ताकद विषयांच्या निवडीत आहे. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याला एक भाषा आणि इतर चार विषय घेऊन दहावी देता येते, आणि त्या चारांत चित्रकला, संगीत, गृहविज्ञान असे विषय बसू शकतात. गणितात स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पर्याय 2020 च्या परीक्षेपासून आहेत. फक्त बोर्डात पर्याय आहे म्हणून शाळेत तो विषय शिकवला जातोच असं नाही. 'तुमच्याकडे चित्रकलेचे शिक्षक नववी-दहावीला आहेत का' हे थेट विचारा.

परीक्षेसाठी आणि पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागतं. अर्ज ऑनलाइन भरून ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. 'शिक्का बसेल' म्हणून अनेक घरं हे नववीपर्यंत लांबवतात आणि मग ऐन परीक्षेच्या वर्षी धावपळ होते. पाचवीतच करून टाका.

नववी

पालकांनी सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं थोडं कवच असतं; पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा, फेरपरीक्षा आणि मागे ठेवणं आलं असलं, तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. नववीला हे कवच जातं. शंभर टक्के निकालाचा फलक लावणारी शाळा, माध्यम कोणतंही असो, नववीच्या शेवटी पालकांना बोलावून घेते. राज्य मंडळाच्या शाळेत वाक्य असतं, 'याला 17 नंबरचा फॉर्म भरायला लावा.' म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून बसवा. सीबीएसई शाळेत तेच 'एनआयओएस त्याला जास्त सोयीचं पडेल' अशा गोड शब्दांत येतं. दोन्हीचा अर्थ एकच: आमच्या निकालात तुमचं मूल नको.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, वाईट नाही. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सुटा देता येतो. काही मुलांना तोच रस्ता मानवतो आणि त्यांनी तो आनंदाने घ्यावा. पण तो तुम्ही निवडलेला असावा, नववीच्या मार्चमध्ये गळ्यात मारलेला नसावा. म्हणून पाचवीच्या प्रवेशाच्या वेळीच विचारा: गेल्या काही वर्षांत नववीतून किती मुलं बाहेरून बसली? मुख्याध्यापक आकडा सांगतात की विषय बदलतात, यावरून बरंच कळतं.

पैसे आणि कायदा

अनुदानित शाळेत फी नगण्य. उपनगरातल्या खासगी शाळेची वर्षाची फी, बस आणि बहुतेकदा शॅडो टीचरचा (वर्गात मुलासोबत बसणाऱ्या मदतनीसाचा) पगारही पालकांच्याच खिशातून जातो. 'शॅडो आणलात तरच प्रवेश' ही अट तोंडी घातली जाते. ती लेखी मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे, मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि वाजवी सोयी करून द्यायच्या आहेत. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत नजीकच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के आरक्षणाची वाट मात्र पाचवीला नाही, ती प्रवेशाच्या पहिल्या वर्गालाच असते. लेखी नकार मिळाला तर दिव्यांग आयुक्तालय पुण्यातच आहे, चर्च रोडला.

अक्षरनंदनसारख्या छोट्या, प्रयोगशील मराठी शाळांबद्दलही विचारणा होते. वातावरण मोकळं असतं, पण जागा मोजक्या आणि प्रवेश बहुतेक लहान गटातच होतात. पाचवीला त्यावर भिस्त ठेवू नका.

मग कोणती?

मूल आवाज बऱ्यापैकी सोसतं, मराठी बोलतं, ओळखीच्या माणसांवर टिकून राहतं आणि शाळा घराजवळ आहे, तर मी अनुदानित शाळा घेईन. सकाळचं अधिवेशन मिळालं तर उत्तम, दुपारी ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपीला वेळ उरतो. गर्दीने मूल कोसळत असेल, इंग्रजीत विचार करत असेल, एखाद्या विषयात रमणारं असेल आणि खर्च दहावीपर्यंत झेपणार असेल, तर सीबीएसई. मात्र स्पेशल एज्युकेटरना स्वतः भेटून. दोन्हीकडे एक गोष्ट तपासत राहा. शाळा म्हणते 'एकदम शहाणा आहे हो', आणि मूल घरी आल्या आल्या दप्तर फेकून तासभर रडतं, तर ते दिवसभर स्वतःला आवळून धरतं आहे. मुलींच्या बाबतीत हे फार उशिरा लक्षात येतं.

प्रवेश झाला की शाळा रिकामी असताना मुलाला दोन-तीनदा नेऊन आणा. वर्ग, जिना, नळ, टॉयलेट, मुख्याध्यापकांची खोली यांचे फोटो काढून घरी दाखवा, आणि वर्गशिक्षकांना एक पान लिहून द्या: कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, काय आवडतं. राज्य मंडळाच्या शाळेसाठी हे मे महिन्यात करायला सवड मिळते. सीबीएसईचं वर्ष एप्रिललाच सुरू होतं, तेव्हा तिथे मार्चमध्येच वेळ मागून घ्या.