फुले अनुराधा ज्वारी : पेरणीपासून कडबा विकेपर्यंतचा अनुभव

दक्षिण सोलापुरात आमचं रान दोन तुकड्यांत आहे. ओढ्याकाठचं भारी, वरचं मुरमाड, जेमतेम वीतभर माती. दोन्हीकडे वर्षानुवर्षं मालदांडीच. परतीच्या पावसाने पाठ फिरवली की वरची मालदांडी पोटरीतच, कणीस बाहेर पडायच्या आत सुकते, म्हणून यंदा तिथं अनुराधा पेरली. दुकानदार "मालदांडी कुठंही येते" म्हणून तीच गळ्यात मारत होता. पक्की पावती द्यायलाही त्याची कुरकुर. पावती हातात आल्यावरच मी पिशवी उचलली.

डिसेंबरपर्यंत मी नाराज होतो. ताटं बारीक, बुटकी. पण निसवली लवकर, कणसं आधीच बाहेर पडली आणि तिथून माझं मत फिरलं. रब्बी ज्वारी जगते जमिनीतल्या ओलीवर; वीतभर मातीत ती ओल टिकते किती? दाणा भरताना पाण्याचा ताण बसला की खडखड्या रोग येतो, ताट बुडातून मोडतं. अनुराधा १०५ ते ११० दिवसांत येते, मालदांडीला १२० च्या आसपास लागतात. ओल संपायच्या आत हिचा दाणा भरलेला होता. दाताखाली धरला तर कटकन फुटला.

मालदांडीला मी नावं ठेवणार नाही. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही पेरली जाते, आमच्या घरात भाकरी तिचीच लागते. पण ती उथळ रानाची नाही. राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारसच मातीच्या खोलीवर आहे : ३० सें.मी.पर्यंत अनुराधा, ६० पर्यंत सुचित्रा, त्यापुढे वसुधा, यशोदा. एवढं पिशवीवर ठळक छापायला काय जातं?

खरा राग कडब्याचा. एकरी क्विंटल सगळे सांगतात, कडब्याची उंची कुणी सांगत नाही. इथं दाण्याने घर चालतं आणि कडब्याने गोठा. माझी पेंढी मालदांडीच्या पेंढीशेजारी उभी केली तर खांद्यालाही पोचत नव्हती. व्यापाऱ्याने ती बघूनच शंभर पेंढ्यांचा दर पाडला. म्हशी मात्र बुडखेसुद्धा शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून उरलेला विकला नाही, गंजी लावली.

सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. भरलेली कणसं निवडून एकरी ४ किलोच्या हिशोबाने घरचंच ठेवलंय. वरच्या रानात पुढंही अनुराधाच. मधल्या पट्टीत सुचित्रा घ्यायचा विचार आहे. कुणी ती कोरडवाहूत घेतली असेल तर एकरी उताऱ्याआधी कडबा किती उंच झाला ते लिहा.