नव्या रिंगा: जपून चालवायचं की भार देऊन?

इंजिन खोलून पिस्टनवर नव्या रिंगा (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बंद करणारी धातूची कडी) टाकल्या की बरेचजण गाडी कितीतरी दिवस नुसती रांगवतात. मला ते पटत नाही. होनिंगनंतर, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासल्यावर, त्याच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा उरतात. नख फिरवलं तर खरखर लागते. रिंगा या रेघांवर घासूनच बसतात, आणि त्यांना भिंतीवर दाबतो तो रिंगांच्या मागे शिरणारा ज्वलनाचा दाब. पाय हलकाच ठेवला तर दाब कमी पडतो, भिंत गुळगुळीत चकचकीत होते आणि इंजिन ऑइल खायला लागतं.

भार देणं म्हणजे गाडी पिळणं नव्हे. इंजिन नीट तापल्यावर मध्यम आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) अ‍ॅक्सिलरेटर बराच दाबायचा, मग गिअरमध्येच सोडून द्यायचा. असं पुन्हा पुन्हा.

जपून चालवल्याने नव्या भागांची अति उष्णता टळते, हे मान्य. पण जुन्या फ्लॅट टॅपेट इंजिनात (ज्यात कॅमवर सपाट तळाचे टॅपेट घासत चालतात) नवा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, असेल तर आयडलिंग (इंजिन नुसतं मंद सुरू ठेवणं) घातकच: सुरू होताच सुमारे २० मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास किंवा वर ठेवा, कारण कॅमला तेल मुख्यतः फिरत्या क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून मिळतं.

पहिलं ऑइल दोन्ही पद्धतींत लवकर काढा.