उंदरांवरचा ताण: जखडणं की रोज नवा जाच?

दीर्घ ताणाचा मेंदूवरचा परिणाम पाहायला उंदराला रोज ठरावीक वेळ जखडतात, नाहीतर रोज वेगळा, अवचित त्रास देतात. वरवर पाहता दुसरी पद्धत माणसाच्या जगण्याला जवळची; आमच्या सोलापुरात विडीची मजुरी आणि नळाचं पाणी, दोन्हींचा नेम नसतो.

पण बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेतल्या 2002 च्या प्रयोगात रोज 2 तास, 10 दिवस जखडलेल्या उंदरांच्या मेंदूत, आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशींच्या फांद्या आखडल्या आणि भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालात उलट फोफावल्या. अवचित त्रासाने हिप्पोकॅम्पसमध्ये फारसं काही घडलं नाही. पेशींतला बदल पाहायचा तर मी जखडण्याचीच पद्धत निवडेन.

मात्र ते उंदीर नर होते. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांबद्दल बोलायचं, तर मादी उंदरांवरचं काम आधी वाचायला हवं.