दरडीने नदी अडली तर धोका कसा जोखायचा: सूत्र, संगणक की काठावरची मोजपट्टी?

डोंगराळ खोऱ्यात दरड कोसळून नदी अडली की सगळे एकच विचारतात: हा बांध टिकेल का? खालच्या गावांसाठी निर्णय घेणाऱ्याने आधी विचारावं, पाणी माथ्यावर कधी पोचेल? असे बहुतेक बांध पाणी वरून वाहायला लागल्यावरच फुटतात. जगभरच्या जुन्या नोंदींत फुटलेल्यांपैकी जवळपास निम्मे दहा दिवसांतच गेलेले दिसतात.

सूत्र सगळ्यात झटपट. पाणलोट क्षेत्राला बांधाच्या उंचीने गुणायचं, दरडीच्या आकारमानाने भागायचं, उत्तराचा लॉगॅरिदम (१० च्या पायाचा) घ्यायचा. २.७५ च्या खाली आलं तर बांध टिकाऊ, ३.०८ च्या वर गेलं तर धोक्याचा, मधलं सगळं अधांतरी. एकाच भूकंपात डझनभर तळी तयार झाली (चीनमध्ये वेनचुआनला २००८ साली झाली तशी), तर आधी कुठे धावायचं हे ठरवायला सूत्र चांगलं. पण पहिल्या आठवड्यात दरडीचं आकारमान फोटोंवरूनच काढलेलं असतं. ते दुप्पट चुकलं की उत्तर ०.३० ने सरकतं, आणि टिकाऊ-धोकादायक यांतलं अंतरच मुळी ०.३३ आहे. शिवाय बांध मोठाल्या धोंड्यांचा आहे की चिखलमातीचा, हे सूत्राला कळत नाही. एकट्या सूत्रावर गाव रिकामं करू नये, आणि गावात थांबूही नये.

संगणकीय प्रारूप लोंढा किती मोठा असेल आणि कोणत्या गावी किती वेळात पोचेल ते सांगतं. त्याला खोऱ्याचे छेद लागतात, बांधातल्या दगडमातीची माहिती लागते. भगदाड किती रुंद आणि किती वेगाने पडेल हे मात्र आपणच गृहीत धरतो, आणि त्यावर उत्तर पार बदलतं. म्हणून सर्वांत वाईट शक्यता धरून पूररेषा आखायला ते वापरावं.

माझं मत मोजपट्टीच्या, म्हणजे काठावर पट्टी रोवून पाण्याची पातळी रोज मोजण्याच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण गढवालचं गोहना. १८९३ च्या सप्टेंबरात तिथे दरडीने बिरही नदी अडली. इंजिनिअरांनी पाणी चढण्याचा वेग मोजून पुढच्या ऑगस्टात ते माथ्यावर येईल असं सांगितलं. खाली तारायंत्राची लाइन टाकली, डोंगरउतारांवर सुरक्षित उंची दाखवणारे खांब उभारले, झुलते पूल काढून घेतले. २५ ऑगस्ट १८९४ ला पाणी माथ्यावरून वाहू लागलं आणि त्या रात्री आलेल्या लोंढ्याने गढवालमधलं श्रीनगर धुऊन नेलं. माणसं गेली ती पाच, हटवल्यावरही बांधाखाली परत आलेली.

पायी पोचता येत नसेल तर? पारेछू नदी दरडीने अडून झालेलं तळं तिबेटात होतं. तिथे उपग्रहाची चित्रंच आधाराला होती. पण चित्रात पसारा दिसतो, खोली दिसत नाही. २०२१ मध्ये ऋषिगंगेवरच्या तळ्याची खोली मोजायला नौदलाचे पाणबुडे हेलिकॉप्टरने उतरवावे लागले.

तेव्हा एकच गोष्ट जमणार असेल, तर काठावर पट्टी रोवा, रोज ठरलेल्या वेळी पातळी लिहा, बांधातून पाझरणारं पाणी गढूळ होतंय का बघा आणि खालपर्यंत निरोप पोचवणारी माणसं नेमा. लोंढा येऊन गेला म्हणून पट्टी उपटू नका. गोहनाचं उरलेलं तळं तिथेच राहिलं होतं. ते जुलै १९७० च्या अलकनंदेच्या पुरात फुटलं.