प्रार्थना पार्टनर मेंबरशिप : आईच्या तीन वर्षांच्या वापरानंतरचा रिव्ह्यू

पॅकिंगला पैकीच्या पैकी मार्क. जाड पाकीट, वर आईचं नाव अशा फॉन्टमध्ये की कुणीतरी शाईच्या पेनाने बसून लिहिलंय असं वाटावं, आत चार पानी पत्र आणि त्यात दर दोन वाक्यांनी परत आईचं नाव, अंगठ्याएवढी तेलाची बाटली, एक कापडाचा तुकडा ज्यावर म्हणे रात्रभर प्रार्थना झालीये, आणि शेवटी परत पाठवायचं पाकीट, पत्ता छापलेलं, तिकीट लावलेलं. खरी मेहनत या शेवटच्या आयटमवर आहे. बाकी सगळं ते पाकीट भरून परत यावं म्हणून.

मिनिस्ट्रीचं (म्हणजे टीव्हीवरून प्रार्थना करून पैसे मागणाऱ्या ख्रिस्ती संस्थेचं) नाव लिहीत नाहीये. एकतर आईला अजूनही वाईट वाटतं, आणि दुसरं म्हणजे नाव बदललं तरी स्कीम तीच असते त्यामुळे फरक पडत नाही. मी स्वतः विश्वासणारी आहे, रविवारी उपासनेला जाते, दान देते, तेव्हा कमेंटमध्ये मला नास्तिक वगैरे म्हणायच्या आधी पूर्ण वाचा.

तर सर्व्हिस अशी. बाबा गेल्यावर आईला रात्री झोप लागेना, मग ती टीव्ही लावून बसायची आणि त्या वेळेला जो पास्टर यायचा तो कॅमेऱ्यात बघून बोलायचा की आत्ता एक बहीण बघतेय, तिचं मन तुटलंय, तिच्या डोक्यावर कर्ज आहे. आता रात्री अडीचला टीव्ही बघत बसलेल्या कुठल्या बाईचं मन धड असणार? पण आईला वाटलं आपल्यालाच म्हणतोय. फोन केला. फोनवरच्या मुलीने फार गोड प्रार्थना केली (हे खरं, आई त्या प्रार्थनेबद्दल अजून चांगलंच बोलते) आणि मग पार्टनर नंबर दिला. पेन्शनचा दहावा भाग दशमांश म्हणून, आणि त्याच्यावर 'बीज'. बीज म्हणजे तुम्ही पैसे पेरायचे आणि देव पीक देणार, कुणी तीसपट म्हणतं, कुणी शंभरपट.

ही बीजाची आयडिया काही प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या काळापासूनची नाही हे मला नंतर वाचून कळलं. अमेरिकेतले टीव्हीवरचे प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी ती विसाव्या शतकात लोकप्रिय केली, आणि १९८७ मध्ये त्यांनीच टीव्हीवर सांगितलं की ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला घरी बोलावून घेईल. लोकांनी दिले. एका कुत्र्यांच्या शर्यतींच्या मालकाने शेवटचे १३ लाख दिले. मी हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, अगं पण तो वाचला ना. याला काय उत्तर देणार!

आता परफॉर्मन्स. बीज टाकल्यावर पीक आलं तर ते यांच्यामुळे आणि तुमची साक्ष पुढच्या कार्यक्रमात. नाही आलं तर तुमचा विश्वास कमी पडला, किंवा मनात कुणाबद्दल कडवटपणा आहे, किंवा बीज लहान होतं, म्हणजे अजून टाका. जगात कुठलंही मशीन घ्या, चाललं नाही तर कंपनीचा माणूस निदान मशीन उघडून बघतो. इथे गिऱ्हाइकालाच उघडून बघतात. आईच्या गुडघ्याचं दुखणं गेलं नाही, भावाची नोकरी लागली नाही, आणि तीन वर्षांत ती हळूहळू असं मानायला लागली की आपल्यातच काहीतरी खोट आहे. पैशापेक्षा हा हिशोब मला जास्त लागला. ज्यांचं पीक आलं नाही त्यांना टीव्हीवर कधीच बोलवत नाहीत, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं सगळ्यांचंच येतंय, आपलंच शेत नापीक.

मला कळलं कसं तर बँकेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा. बाकी सगळ्या एन्ट्री आखडत्या हाताच्या, औषधंसुद्धा अर्धी घेतलेली, आणि एक एन्ट्री दर महिन्याला न चुकता. मी भांडले. आईने बायबल उघडून मलाखी तिसरा अध्याय काढला, की बघ, दशमांश न देणं म्हणजे देवाला लुटणं, लिहिलंय. ते पानच मार्कर लावून पत्रातून आलं होतं. म्हटलं ठीक आहे, वाचूच मग, पण पुढचं मागचं पण वाचू.

इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण हा या प्रॉडक्टचा मेन पार्ट आहे. मलाखीत लेवीचे वंशज (मंदिराची सेवा करणारे), धान्य, भांडार, अशी सगळी व्यवस्था आहे, आणि दुसऱ्या अध्यायात तर थेट याजकांनाच झापलंय, ते पान कधी मार्कर लावून येत नाही. मग बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय. तिथे दशमांश घेऊन देवाने निवडलेल्या जागी जायचं आणि घरच्यांसोबत बसून खायचं आणि आनंद करायचा असं लिहिलंय, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा, कुणासाठी, तर लेव्यासाठी, परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी. आईने ते दोनदा वाचलं. विधवेला मिळायचा, ती म्हणाली, आणि चष्मा काढून ठेवला. म्हणजे ज्या नियमाच्या नावाने तीन वर्षं हिच्याकडून घेतलं त्याच नियमात हिचं नाव मिळणाऱ्यांच्या यादीत आहे.

विधवेच्या दोन टोल्यांची (अगदी लहान नाण्यांची) गोष्ट तर प्रत्येक पत्रात असायची. मार्क १२, ओवी ४१ पासून पुढे. त्याआधीच्या ३८ ते ४० मात्र कधीच नसायच्या. तिथे येशू शास्त्र्यांबद्दल सांगतो की हे लोक लांब झगे घालून मिरवतात, पुढच्या जागा धरतात, विधवांची घरं गिळतात आणि वर दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आणि लगेच पुढे ती विधवा येते आणि होतं नव्हतं ते टाकून जाते. आमच्या संडे स्कूलमध्ये तिचं कौतुक शिकवलं, कौतुक आहेच, पण दोन्ही भाग लागोपाठ वाचले की कुणाचं घर गिळलं जातंय ते दिसतं.

आणि हे आजचं नाहीच. बारा शिष्यांमध्ये पैशांची डबी ज्याच्याकडे होती तो यहूदा इस्कार्योत, आणि तो त्यातले चोरायचा हे योहानाने सरळ लिहून ठेवलंय. दिदाखे नावाची अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठीची (म्हणजे चर्चसाठीची) सूचनांची पोथी आहे, त्यात नियम असा की फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर खोटा संदेष्टा, आणि निघताना भाकरीपलीकडे पैसे मागितले तरी खोटा. म्हणजे फसवणूक इतकी जुनी की तिचा फिल्टरसुद्धा तेव्हाच बनवून ठेवला होता! पुढे १५१७ च्या सुमाराला योहान टेट्झेल जर्मनीत पापक्षमेची पत्रं विकत फिरला, सांगायचे रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी, आणि त्यातला निम्मा पैसा जायचा आर्चबिशप आल्ब्रेख्तने बँकेकडून घेतलेलं कर्ज फेडायला. याच विक्रीविरुद्ध लिहिलेल्या मार्टिन ल्यूथरच्या ९५ मुद्द्यांपैकी ८६वा काय विचारतो, तर एवढा श्रीमंत पोप स्वतःच्या पैशाने चर्च का बांधत नाही, गरिबांचेच का लागतात. पाचशे वर्षं झाली, कस्टमर केअरकडून रिप्लाय नाही.

याआधीची मॉडेल्स, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीवरचे पास्टर, पण बघून घ्या कारण आमचं मॉडेल त्यांचंच नवीन व्हर्जन आहे. जिम बेकर यांनी १,००० डॉलरला आजीवन पार्टनरशिप विकली, बदल्यात त्यांच्या ख्रिस्ती रिसॉर्टमध्ये दर वर्षी तीन रात्री फुकट, आणि खोल्या होत्या त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मेंबरशिप विकल्या. १९८९ मध्ये २४ आरोपांवर दोषी, ४५ वर्षांची शिक्षा, पुढे कमी झाली, १९९४ ला बाहेर. आणि परत टीव्हीवर. २०२० मध्ये त्यांच्या शोवर चांदीचं पाणी कोरोनावर चालतं अशा थाटात विकलं जात होतं, सरकारी नोटीस आली आणि खटला झाला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत द्यावे लागले. माझ्या माहितीत रिफंड मिळालेली ही दुर्मिळ केस.

पीटर पोपॉफ यांना तर देव लोकांची नावं, आजार, पत्ते कानात सांगायचा, आणि १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने रेडिओ स्कॅनर लावून पकडलं की कानातला आवाज बायकोचा आहे. पुढच्या वर्षी दिवाळं. काही वर्षांनी चमत्काराचं पाणी फुकट पाठवायला लागले, पाण्यामागोमाग पैशाची पत्रं. आईच्या तेलाच्या बाटलीचे पूर्वज ते हेच. रॉबर्ट टिल्टन यांच्या बाबतीत १९९१ मध्ये एका टीव्ही चॅनेलने दाखवलं की लोकांनी पाठवलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यात, पैसे काढून घेतलेल्या. त्यांनी ते नाकारलं हेही सांगते. पण हे वाचल्यावर मला त्या चिठ्ठ्यांचंच डोक्यात बसलं, कारण आई दर महिन्याला पैशाबरोबर एक कागद भरून लिहायची, दोन्ही बाजूंनी, बाबांबद्दल.

विमानांचं लिहू की नको असं वाटतंय, ते सगळ्यांनाच माहिती आहे. क्रेफ्लो डॉलर (आडनाव खरंच हे आहे) यांनी २०१५ मध्ये ६.५ कोटी डॉलरच्या विमानासाठी लोकांकडे मागितलं, जेसी डुप्लांटिस यांनी २०१८ मध्ये ५.४ कोटींच्या, आणि म्हणाले येशू आज असता तर गाढवावर बसला नसता. पण डॉलरसाहेबांचा पुढचा भाग कमी लोकांना माहिती असतो. २०२२ मध्ये त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं की दशमांशाबद्दल मी जे शिकवलं ते चुकीचं होतं, त्या विषयावरची माझी जुनी पुस्तकं आणि टेप फेकून द्या. चूक कबूल केली हे मोठंच, पण मी विचार करत बसले की पुस्तक फेकता येईल हो, भरलेल्या वर्षांचं काय.

आणि कुणी म्हणू नका की हे फक्त अमेरिकेतलं किंवा फक्त टीव्हीवाल्यांचं. सोलमधल्या जगातल्या सर्वात मोठ्या मंडळींपैकी एकीचे संस्थापक चो योंग-गी २०१४ मध्ये दोषी ठरले, मुलाच्या कंपनीचे शेअर चर्चला चढ्या भावाने घ्यायला लावले म्हणून. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चमध्ये पास्टरच्या बायकोचं गाण्याचं करिअर उभं करायला आणि मग ते झाकायला चर्चचे ५ कोटी सिंगापूर डॉलर फिरवले, २०१५ ला सगळे दोषी. आणि कॅथलिक बाजूला लिम्बुर्गचे बिशप, जर्मनीत, ज्यांच्या निवासाचं बजेट ५५ लाख युरो सांगितलेलं ते ३ कोटींच्या वर गेलं, बाथटबच १५,००० चा. २०१४ मध्ये पोपने राजीनामा स्वीकारला.

मग कुणी अडवत का नाही? अमेरिकेत चर्चला करमाफी आहे आणि इतर धर्मादाय संस्थांना जो वार्षिक हिशोब सरकारला द्यावा लागतो तो चर्चला द्यावा लागत नाही. २००७ मध्ये सिनेटर ग्रासली यांनी सहा मोठ्या मिनिस्ट्रींना हिशोब मागितला, दोघांनी नीट सहकार्य केलं, चौघांनी पूर्ण माहिती दिली नाही, २०११ ला अहवाल आला आणि शिक्षा कुणालाच नाही. देणारा विचारत नाही कारण त्याला शिकवलेलं असतं की अभिषिक्ताला (देवाने निवडलेल्या माणसाला) प्रश्न विचारायचा नाही. आणि सुरुवातीचा प्रेषित पौल बघा, बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ८, वर्गणी यरुशलेमला नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो, का, तर एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये, देवापुढेच नाही माणसांपुढेही. पौलाला साक्षीदार लागतात आणि यांना पावतीसुद्धा जड जाते.

आमच्या मंडळीचे पास्टर, ते दिवसा नोकरी करतात, त्यांना मी हे सगळं सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, मला हॉलच्या दारामागे लावलेला कागद दाखवला, महिन्याची जमा आणि खर्च, लाइटबिल आणि एका घराला दिलेली मदत, नाव न लिहिता. चार वर्षं त्या दारातून जातेय, कधी वाचला नव्हता. सगळ्यांना एकाच चाळणीत घालू नका एवढ्यासाठी लिहिलं.

कॅन्सलेशनबद्दल. फोनवर तीन वेळा सांगितलं. पहिल्या वेळी प्रार्थना केली, दुसऱ्या वेळी प्रार्थना करून विचारलं की तुम्ही निदान अर्ध्या बीजावर राहाल का, तिसऱ्या वेळी सांगितलं की आशीर्वाद दारात आलाय आणि सैतान नेमका याच वेळी असे विचार मनात घालतो. शेवटी बँकेतूनच बंद केलं. रिफंडसाठी लेखी पत्र टाकलं, त्याला उत्तर आलं, आईचं नाव चार वेळा, आम्ही तुमच्यासाठी उपास धरलाय, आणि खाली तिकीट लावलेलं पाकीट.

पाकिटं अजून येतात. आई आतलं वाचत नाही आता, फक्त कात्रीने कडा कापून सपाट करते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर औषधांची यादी लिहिते. कागद चांगला आहे म्हणते, शाई फुटत नाही.