‘आपला माणूस’ म्हणून आम्ही पैसे पाठवले

गेल्या फेब्रुवारीत आमच्या मंडळाने दोन दिवसांची मॅरेथॉन घेतली. शनिवारी लहान मुलांची धाव आणि बिब, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरांचं वाटप, रविवारी पहाटे ५, १० आणि २१ किलोमीटर. बेळगावच्या वडगावातून निघायचं, मसुराच्या शेतांमधून येळ्ळूरच्या रस्त्याने राजहंसगड समोर ठेवून पळायचं आणि माघारी फिरायचं. डिसेंबरात हवा जास्त चांगली असते, खरं तेव्हा इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात, म्हणून फेब्रुवारी धरला. परवानगीच्या कन्नड अर्जापासून ॲम्ब्युलन्सपर्यंत सगळं पोरांनीच केलं. बाहेर दिलं ते एकच काम: ऑनलाइन नावनोंदणी, चिप टायमिंग (बिबला चिकटवलेल्या चिपने प्रत्येकाची वेळ नोंदणं), मेडल आणि टी-शर्ट. त्यातच फसवणुकीत २,५७,४०० रुपये गेले. खानापूर, निपाणीकडची दोन-तीन मंडळं यंदा शर्यत घ्यायची म्हणून मला विचारायला लागली आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून काढतोय.

हे काम घेणाऱ्या माणसाने आपणहून फोन केला होता. आमचं पोस्टर कुठूनतरी त्याच्यापर्यंत पोचलं होतं. बोलणं पुण्याकडचं, गोड. म्हणाला, “सीमाभागातली आपली मुलं एवढं करतायत, मला अभिमान वाटतो. तुमच्याकडून मी नफा घेणार नाही.” आणि वीस टक्के कमी केले. महाराष्ट्रातून कुणी फोन करून सीमाभागाचं नाव काढलं की आमचा ऊर कसा भरून येतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या भावनेची मला लाज वाटत नाही. पण तिच्या भरात आम्ही चौकशीच केली नाही. आमचा फ्लेक्सवाला कन्नड माणूस. कोटेशन बघून त्याने मोडक्या मराठीत विचारलं होतं, “जीएसटी नंबर बघितला काय? ऑफिस बघून आला काय?” मी म्हटलं, “अहो, आपलाच माणूस आहे.” तो पुढे काही बोलला नाही. हे मला अजून टोचतं.

पैसे दोन वाटांनी गेले. मेडल आणि टी-शर्टसाठी ७५,००० ॲडव्हान्स आमच्या खजिनदाराने स्वतःच्या फोनवरून पाठवला. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, कुठल्यातरी बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, “आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्याचं लिमिट संपलंय.” आम्ही पाठवून दिले. दुसरी वाट नावनोंदणीच्या लिंकची. लिंक त्याची, त्यामुळे फीही त्याच्याच खात्यात. आम्हाला रोज रात्री नावांची यादी यायची आणि ती वाढताना बघून आम्ही खूश व्हायचो. २१ किलोमीटरला ७०० रुपयांप्रमाणे ६२ जण, १० ला ५०० प्रमाणे १७०, ५ ला ३०० प्रमाणे १८०. म्हणजे १,८२,४०० रुपये, आणि त्यातला एक रुपयाही मंडळाच्या खात्यात नाही. “हिशेब शर्यतीनंतर” असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तो बोलला आणि आम्ही मान डोलावली. लिंक कुणाचीही असू दे, पैसे मंडळाच्या खात्यातच आले पाहिजेत. मी पुन्हा शर्यत घेतली तर एवढी एक अट सोडणार नाही.

मार्ग मोजल्याचा दाखलाही त्याने पाठवला. त्यावर सोनेरी शिक्का आणि २१.०९७५ किलोमीटर असा आकडा. मार्ग नीट मोजायचा तर सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावून, आधी स्टीलच्या टेपने आखलेल्या अंतरावर ते तपासून, पूर्ण रस्ता सायकलने जावं लागतं, आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. हा माणूस बेळगावला एकदाही आला नव्हता. मग रस्ता मोजला कुणी? हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही.

शनिवारी दुपारी बिब वाटप सुरू होतं. बिबचा गठ्ठा कुरिअरने आला होता, टायमिंगच्या मॅट आणि माणसं “रात्री पोचतील” असं त्याचं म्हणणं. खानापूरहून आलेला एक पळणारा आपला बिब उलटा करून बराच वेळ बघत राहिला. मागे चिपची काळी पट्टी चिकटवलेली होती. त्याने नखाने तिचं टोक उचललं, पट्टी सोलून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. “दादा, यात काही नाही.” खऱ्या चिपमध्ये पातळ धातूच्या रेषांचा अँटेना असतो. बॅटरी नसते, मॅटवरून जाताना मॅटच्या लहरींनीच ती जागी होते आणि नंबर नोंदला जातो. आमच्या हातात होती ती नुसती स्पंजची पट्टी. मी गठ्ठ्यातले आणखी दहा बिब सोलले. सगळे तसेच. फोन लावला तर बंद.

रविवारची शर्यत आम्ही घेतली. गल्लीतल्या शाळांचे तीन पीटी सर घड्याळं घेऊन शेवटच्या रेषेवर उभे राहिले. एक जण नंबर ओरडायचा, एक वेळ सांगायचा, एक वहीत लिहायचा. वळणाच्या जागी दोन पोरं हातावर शाईचा शिक्का मारत होती, म्हणजे कुणी मधूनच माघारी फिरू नये. मेडल कुणाला मिळालं नाही. लहान मुलांना ते समजावून सांगणं सगळ्यात जड गेलं.

यात आमची सगळ्यात महागडी चूक उशिराची. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आम्हाला माहीत होता. पण शर्यत आधी पार पाडू म्हणून शनिवारी संध्याकाळी लावला नाही, सोमवारी सकाळी लावला. लगेच कळवलं तर खात्यात शिल्लक असलेली रक्कम तिथेच थांबवता येते. शेवटच्या चार दिवसांतल्या नोंदणीचे पैसे तेव्हा तरी बहुधा हलले नसतील. सोमवारपर्यंत खातं रिकामं झालं होतं. ऑनलाइन तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला, तपास चालू आहे.

नंतर आमच्या टॅक्सवाल्या मित्राने ते कोटेशन दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि आपल्या कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की धारक कोण: कंपनी असेल तर ‘सी’, एकटी व्यक्ती असेल तर ‘पी’. कोटेशनवर मोठ्या अक्षरात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरमधलं सहावं, म्हणजे पॅनमधलं चौथं, अक्षर ‘पी’. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही नंबर टाकून बघता येतो. आम्ही टाकला. नाव दुसऱ्याच कुणाचं, नोंदणी रद्द झालेली.

चिपचंही तसंच. शर्यतीच्या आठवडाभर आधी एक मॅट आणि चार बिब मागवून घ्या, आपल्या पोरांना त्यावरून चालवा, संगणकावर नंबर उमटतात का ते डोळ्यांनी बघा. जो खरोखर हे काम करतो तो याला कशाला नाही म्हणेल?

पळायला आलेल्यांची अर्धी फी परत द्यायची असं मंडळात ठरलं. ९१,२०० रुपये लागले. काही गणपतीच्या शिलकीतले, बाकी आम्ही अकरा जणांनी घातले. बहुतेकांना पोचले. नऊ जणांचे फोन लागत नाहीत, त्यांचे पैसे बाजूला ठेवलेत. गेल्या फेब्रुवारीत वडगावला पळायला आलेलं आणि पैसे न मिळालेलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर मंडळात यायला सांगा. बिबचा नंबर सांगितला तरी पुरे, वही आम्ही जपून ठेवली आहे.