नाग की घोणस? विषावर प्रकल्प करायचा तर

भाचीचा एम.एस्सी.चा प्रकल्प याच प्रश्नावर अडलाय.

आधी घटक पाहू. नागाच्या विषात भरणा छोट्या प्रथिनांचा: 60 ते 75 अमिनो आम्लं, पसरलेल्या तीन बोटांसारखी घडण. ती स्नायूंवरच्या अ‍ॅसिटिलकोलीन ग्राहींवर, म्हणजे चेतातंतूंचा संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, जाऊन बसतात. आधी पापण्या मिटतात, मग श्वास अडतो. डायसल्फाइड बंधांमुळे (गंधकाच्या दोन अणूंमधल्या पक्क्या जोडामुळे) ती प्रथिनं चिवट असतात, म्हणून नवख्या हातालाही झेपतात.

घोणशीचं विष म्हणजे मोठमोठी विकरं. एक विकर रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फॅक्टर दहा चेतवतं, दुसरं फॅक्टर पाच. गुठळ्या होता होता, ज्यापासून गुठळी बनते ते फायब्रिनोजेन हे प्रथिनच संपतं. काचेच्या नळीत 20 मिनिटं ठेवलेलं रुग्णाचं रक्त तिरकं केलं की पाण्यासारखं ओघळतं. या विकरांचं शुद्धीकरण मात्र किचकट.

उत्क्रांतीत मला घोणस जास्त भावते. फॉस्फोलिपेज ए2 हे पेशींच्या आवरणातला मेद तोडणारं विकर दोघांकडे आहे, पण प्रत्येकाने ते शरीरातल्या वेगळ्या जनुकापासून स्वतंत्रपणे घडवलं. शिवाय घोणशीचं विष प्रदेशागणिक बदलतं, आणि प्रतिविषाचा गुण त्यावर ठरतो.

वनखात्याची परवानगी दोन्हींना लागते.

मुदत सहा महिन्यांची, ओढ चेतासंस्थेची, तर नाग. हाताशी वेळ आणि चांगली प्रयोगशाळा असेल, रुग्णांच्या उपयोगाचं काही करायचं असेल, तर घोणस.